आसवांची वाट

मराठी कवितेत आसवांना तोटा नाही. ती ओघळतात, गालांवर सुकतात, उशी भिजवतात आणि शब्द अपुरे पडले की त्यांच्या जागी उभी राहतात. ती येतात कुठून, याचीही चर्चा कवींनी आपल्या परीने केली आहे आणि हृदयातून येतात असे त्यांचे साधारण एकमत दिसते. पण त्याहून साधा असा एक प्रश्न साहित्यात फारसा कुणी विचारलेला आढळत नाही: डोळ्यांत आलेले पाणी जाते कुठे?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आपण रडत नसतो तेव्हाही डोळा ओलाच असतो. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, खोबणीच्या आत, लहान बदामाएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून आणि पापण्यांच्या आतल्या अस्तरातील बारीक ग्रंथींतून दर मिनिटाला जेमतेम एक मायक्रोलिटर पाणी, म्हणजे एका थेंबाचा तिसावा-पन्नासावा भाग, रात्रंदिवस पाझरत असतो. यातले थोडे हवेत उडून जाते. उरलेले गालावर ओघळत नाही, याचा अर्थ त्याला जायला दुसरी वाट आहे. ती वाट नाकात उतरते. डोळ्यात कडू औषध घातले की थोड्या वेळाने घसा कडू होतो, आणि रडताना नाक शिंकरावे लागते, ते याचमुळे.

आरशासमोर उभे राहून खालची पापणी बोटाने किंचित बाहेर ओढली, तर नाकाकडच्या टोकाजवळ तिच्या कडेवर टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र दिसते. वरच्या पापणीवरही तसेच एक असते. या अश्रुरंध्रांची रुंदी सुमारे ०.३ मिलिमीटर. तिथून निघालेल्या दोन बारीक नळ्या पापणीच्या आतून सुमारे एक सेंटिमीटर चालून बहुधा एकमेकींना मिळतात आणि एका पिशवीत उघडतात. ही पिशवी म्हणजेच अश्रुकोश. तो नाकाच्या मुळाशी, चष्म्याची टेकण जिथे बसते त्याच्या किंचित मागे, हाडाच्या एका खळगीत बसलेला असतो. लांबी १२ ते १५ मिलिमीटर. त्याच्या खालच्या टोकापासून तेवढ्याच लांबीची किंवा थोडी अधिक लांब अशी अश्रुनलिका हाडातून उतरते आणि नाकाच्या आत, सर्वांत खालच्या पडद्याखाली उघडते.

पाणी या वाटेने नुसते उताराने जाते असे मात्र नाही. आपण पापणी मिटतो तेव्हा ती बाहेरच्या कोपऱ्याकडून आतल्या कोपऱ्याकडे मिटत येते आणि पाणी नाकाकडे लोटते. त्याच वेळी पापणीतला स्नायू त्या बारीक नळ्या दाबतो आणि अश्रुकोशालाही हलवतो. आपल्याकडे विहिरीवरचा हातपंप जसा दांडा हलवला की पाणी ओढतो, तशीच ही दर पापणीबरोबर चालणारी ओढ आहे. वाटेत आतल्या आवरणाच्या घड्या झडपांसारखे काम करतात. नळी जिथे अश्रुकोशाला मिळते तिथली घडी पाण्याला आत येऊ देते, पण परत सहसा जाऊ देत नाही. ही झडप वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळा घोटाळा तिच्यामुळे होतो.

आता ही वाट अडते कुठे? बहुधा खाली, अश्रुनलिकेत. वाढत्या वयात तिच्या आतल्या आवरणाला वारंवार सूज येते आणि आधीच अरुंद असलेली नळी हळूहळू बुजते. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांत हे पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. त्यांची नलिका मुळात अधिक अरुंद असते, हे त्याचे एक कारण मानले जाते. वाट बुजली की डोळा पाझरू लागतो. खेड्यात त्याचा दोष चुलीच्या धुरावर जातो, शहरात धुळीवर किंवा चष्म्याच्या नंबरावर. पदराच्या टोकाने डोळा पुसत वर्षे जातात. इकडे अश्रुकोशात पाणी साठून राहते, आणि साठल्या डबक्याचे जे होते तेच त्याचे होते. जंतू वाढतात, पाणी बुळबुळीत होते, मग पू होतो. नाकाच्या मुळाशी बोटाने दाबले की अश्रुरंध्रातून पांढरट घाण उलटी डोळ्यात येते. या दुखण्याला आपल्याकडे लासरू म्हणतात, कुठे कुठे नासूर असाही शब्द आहे.

जुनाट लासरू दुखत नाही, म्हणून त्याची कुणाला फारशी पर्वा वाटत नाही. ते किती धोक्याचे आहे हे सुगीच्या दिवसांत कळते. भाताच्या लोंबीचे कूस किंवा उसाचे पाते डोळ्याला लागून बुबुळावर ओरखडा उठला, तर निरोगी डोळ्यात तो एक-दोन दिवसांत भरून येतो. पण ज्या डोळ्याच्या कोपऱ्यात पुवाचा साठा आहे, तिथे जंतू त्या ओरखड्याची वाटच पाहत असतात. बुबुळावर व्रण होतो, आत पू साठतो आणि डोळा जाऊ शकतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी अश्रुमार्ग तपासण्याची पद्धत यातूनच पडली. खालच्या रंध्रातून बोथट सुईने मिठाचे पाणी सोडतात. रोगी 'घशात खारट लागले' म्हणाला की वाट मोकळी. पाणी उलटून वर आले, आणि त्यात पू असला, तर मोतीबिंदू थांबतो आणि आधी लासरवाचा बंदोबस्त करावा लागतो. नेत्रशिबिरात मोतीबिंदूसाठी आलेल्या आजीला 'तुमच्या नाकाजवळची पिशवी खराब आहे' असे सांगून परत पाठवले, की तिला तो डॉक्टरांचा लहरीपणा वाटतो. वस्तुतः तिचा डोळा तिथे वाचलेला असतो.

जुनाट दुखणे एखाद्या दिवशी एकाएकी पेटते. कधी कधी आधी काही त्रास नसतानाही पहिलाच झटका असा येतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली लाल, गरम, टणक सूज येते. बोट लावू देणार नाही इतका ठणका लागतो. पापण्या सुजून डोळा मिटतो, ताप चढतो. याचे कारण आतल्या आवरणाची सूज. खालची वाट आधीच बंद असते आणि आता सुजेमुळे वरची झडपही घट्ट बसते. पिशवीची दोन्ही तोंडे बांधली गेली आणि आत पू वाढतच आहे, अशी ही अवस्था आहे. पुवाला बाहेर पडायचे तर कुठून पडावे? आतल्या बाजूला हाड आहे. वरच्या बाजूला पापण्यांना हाडाशी बांधणारा घट्ट स्नायुबंध आहे. उरली ती खालची आणि पुढची बाजू, म्हणजे गालाची कातडी. म्हणून गळू नेहमी त्या बंधाच्या खाली येते, पिकते आणि उपचार न झाल्यास तिथेच फुटते. गंमत अशी की पिशवी आणि नाक यांच्यामधल्या हाडाचा मागचा भाग कागदासारखा पातळ असतो. नाकाची मोकळी पोकळी त्या भिंतीपलीकडे काही मिलिमीटरांवर असते, आणि पू मात्र गाल फोडून बाहेर येतो.

गळू फुटले की ठणका थांबतो आणि रोगी सुटकेचा निःश्वास सोडतो. पण मूळ अडथळा तसाच असतो. मग तिथे एक बारीक छिद्र राहून जाते आणि त्यातून पाणी, कधी पू, झिरपत राहतो. त्याला नाडीव्रण म्हणतात. काहींचे छिद्र बुजते आणि काही महिन्यांनी पुन्हा सगळे पहिल्यापासून सुरू होते. क्वचित संसर्ग मागे डोळ्याच्या खोबणीत शिरतो. तेव्हा डोळा पुढे येतो, हलेनासा होतो, दृष्टी कमी होऊ लागते. नाकाच्या बाजूच्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या शिरांशी असल्याने प्रकरण जिवावरही बेतू शकते. या जागेचे गळू दाबून फोडू नये, त्यावर चुना किंवा बिब्बा लावू नये, असे डॉक्टर कळवळून सांगतात ते उगाच नव्हे.

हे दुखणे आजचे नाही. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे इ. स. पूर्व अठराव्या शतकातील कायदे एका काळ्या शिलास्तंभावर कोरलेले आहेत. तो स्तंभ इराणमधील सुसा येथे सापडला आणि सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात वैद्याच्या मोबदल्याची कलमे आहेत. वैद्याने धातूच्या शस्त्राने डोळ्याजवळची एक विशिष्ट जागा उघडली आणि डोळा वाचला, तर त्याला १० शेकेल चांदी मिळावी. रोगी खालच्या दर्जाचा असेल तर ५ आणि गुलाम असेल तर २. उच्च दर्जाचा माणूस दगावला किंवा त्याचा डोळा गेला, तर मात्र वैद्याचे हात तोडावेत. मूळ अक्कादी शब्दाचा अर्थ वादग्रस्त आहे, पण ही शस्त्रक्रिया म्हणजे अश्रुकोशाचे गळू फोडणे असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. खरे असेल तर शस्त्रक्रियेच्या शुल्काची ही जगातील अतिप्राचीन नोंद लासरवाची आहे!

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांचे नऊ रोग दिले आहेत. त्यांत 'पूयालस' नावाचा रोग आहे. नाकाकडच्या सांध्यात सूज येते, ती पिकते आणि तिच्यातून दाट, दुर्गंधी पू वाहतो, हे त्याचे वर्णन वाचले की नेत्रवैद्याला निराळे काही सांगावे लागत नाही. त्यावर रक्तमोक्षण आणि पोटीस हे उपचार दिले आहेत. संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी मात्र पुढचा बारकावा पाहावा. सुश्रुत पूयालसाला साध्य रोगांत घालतो, आणि सांध्यातून सतत पू वाहणाऱ्या 'पूयास्रावा'ला असाध्य म्हणतो. आजच्या ज्ञानाने पाहिले तर हे निरीक्षण चकित करणारे आहे. तीव्र गळू पिकते, फुटते, बसते, म्हणजे निदान वरवर बरे होते. पण ज्याची वाट बुजली आहे तो पाझर काही केल्या थांबत नाही. कारण त्या काळी नाकात नवी वाट काढण्याची कल्पनाच नव्हती. आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांनी सुश्रुताचा हा प्रामाणिकपणाही घ्यावा. जे बरे होत नाही ते होत नाही असे त्याने लिहून ठेवले.

युरोपातही फारसे निराळे नव्हते. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार सेल्सस सांगतो की दुखरा भाग हाडापर्यंत कापून काढावा आणि तापलेल्या लोखंडाने डागावे. यातून पू थांबत असेल, पण रोग्याची काय अवस्था होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. अठराव्या शतकात आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने बारीक सळई आणि पिचकारी वापरून अश्रुमार्ग धुण्याची रीत १७१३ मध्ये मांडली. त्याच काळात वूलहाउस नावाचा इंग्रज वैद्य अश्रुकोश काढून, हाडाला भोक पाडून त्यात सोन्याची, चांदीची किंवा शिशाची नळी बसवत असे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बोमन यांनी वाढत्या जाडीच्या सळया घालून नलिका रुंद करण्याचा मार्ग रूढ केला. प्रौढांत सळई काढली की वाट पुन्हा बुजते, हा अनुभव पुढे सर्वांनाच आला. मग उरला तो एकच खात्रीचा उपाय, पिशवीच काढून टाकणे. पू जाई, पण डोळा जन्मभर पाझरत राही.

खरा पालट १९०४ साली झाला, आणि तो नेत्रवैद्याने नव्हे तर नाकाच्या वैद्याने केला. फ्लोरेन्सच्या आद्देओ तोती यांनी असा विचार केला की बुजलेली नलिका उघडण्याच्या नादाला लागायचेच कशाला? पिशवी आणि नाक यांच्यामध्ये जी भिंत आहे तिलाच खिडकी पाडावी. पिशवीची आतली बाजू, मधले हाड आणि नाकाचे अस्तर, तिन्ही काढली की आसवे नलिका टाळून सरळ नाकात उतरतील. या शस्त्रक्रियेला डॅक्रिओसिस्टोर्हिनोस्टॉमी असे जिभेला पीळ पाडणारे ग्रीक नाव मिळाले. डॉक्टर मंडळी तिला डी. सी. आर. म्हणतात, आपणही तेच म्हणू. पुढे १९२० च्या सुमारास पॅरिसमधील द्युप्युई-द्युतां आणि बुर्गे यांनी पिशवीचे अस्तर व नाकाचे अस्तर एकमेकांना टाके घालून जोडण्याची सुधारणा केली. त्यामुळे खिडकीच्या कडा कच्च्या राहून बुजण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. नाकाच्या बाजूला सुमारे सेंटिमीटरभर चिरा घेऊन, हाड कुरतडणाऱ्या चिमट्याने खिडकी पाडून केली जाणारी ही शस्त्रक्रिया आजही सर्वत्र होते. सरावलेल्या हातून झाली तर दहांपैकी नऊ रोग्यांना गुण येतो. व्रण राहतो, पण तो बहुधा चष्म्याच्या टेकणीखाली लपून जातो.

येथवर सारे जुनाट लासरवाविषयी झाले. तीव्र, ठणकणाऱ्या गळवाचे काय? इथे गेली शंभर वर्षे एकच नियम शिकवला गेला: पेटलेल्या घरात सुतारकाम करू नये. आधी आग विझवावी. प्रतिजैविके द्यावीत, गरम शेक द्यावा, वेदना थांबवाव्यात. गळू पिकले असेल तर बाहेरून लहान चिरा देऊन पू काढावा, तो जंतूंच्या तपासणीस पाठवावा आणि जखमेत कापडाची वात ठेवावी. सळई घालणे किंवा पिचकारीने धुणे या अवस्थेत सर्वथा वर्ज्य, कारण त्यामुळे संसर्ग भोवताली पसरतो. सूज पूर्ण उतरली की काही आठवड्यांनी डी. सी. आर. करावी.

या नियमामागची कारणे खोटी नव्हती. सुजलेल्या भागात रक्त फार येते. पेशी इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की टाका धरत नाही. जागेवर दिलेली भूलही नीट चढत नाही, कारण सुजलेल्या भागातील आम्लतेमुळे भुलीच्या औषधाचा प्रभाव घटतो. आणि गालाकडून शिरायचे म्हणजे जंतूंनी भरलेल्या कातडीतूनच वाट काढायची. पेनिसिलिनपूर्व काळात तर असे धाडस म्हणजे जिवाशी खेळ होता. चाळीसच्या दशकात प्रतिजैविके आली, धोका कमी झाला, पण नियम कायम राहिला.

नियम शास्त्राला धरून होता, पण तो माणसाच्या स्वभावाला धरून नव्हता, असे मला वाटते. चिरा दिला, पू गेला, ठणका थांबला, ताप उतरला. आता आपण बरे झालो, अशी रोग्याची खात्री पटते. 'महिन्याने या, खरी शस्त्रक्रिया तेव्हा करू' हे शब्द त्याच्या कानावरून जातात. महिन्याने पेरणी असते, मुलीचे लग्न असते, एस. टी.चे भाडे असते. ज्या बाईला घरातून दवाखान्यात यायला एकदाच सवड मिळाली, तिला दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही. ती परत येते ते पुढच्या गळवाच्या वेळी, आणि पुन्हा चिऱ्यावरच भागते. अशा रोग्यांच्या गालावर दोन-दोन, तीन-तीन व्रण दिसतात. दुसरी गोष्ट अशी की बाहेरचा चिरा हाच कधी कधी नाडीव्रणाला जन्म देतो. म्हणजे पू गाल फोडून येऊ नये म्हणून आपणच गाल फोडायचा आणि मग ते भोक भरेना म्हणून वाट पाहायची. अर्धा उपचार असा महाग पडतो.

यातून सुटण्याचा मार्ग नाकातून निघाला. कल्पना तशी जुनी होती. १८९३ मध्ये, म्हणजे तोतींच्याही आधी, न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी नाकाच्या आतून अश्रुमार्गापर्यंत पोहोचण्याचा प्रयोग केला होता. १९१० च्या सुमारास वेस्ट यांनी तो पुढे नेला. पण नाकाची पोकळी अंधारी, अरुंद आणि जरा धक्का लागला की रक्ताने भरणारी. दिसतच नाही तर कापायचे काय? म्हणून तो मार्ग मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेन्सिलीपेक्षाही बारीक, ४ मिलिमीटर जाडीच्या, टोकाशी लख्ख उजेड देणाऱ्या दुर्बिणी आल्या आणि नाकाच्या वैद्यांचे जगच पालटले. १९८९ मध्ये मॅकडोनो आणि मीरिंग यांनी अशा दुर्बिणीतून केलेल्या डी. सी. आर.चे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर हाड घासणारी यांत्रिक हत्यारे आली आणि पिशवी पूर्ण लांबीत उघडण्याचे तंत्र बसले. आता नाकातून केलेल्या शस्त्रक्रियेचे यश बाहेरून केलेल्या शस्त्रक्रियेच्या बरोबरीला आले आहे.

एवढे झाल्यावर कुणाच्या तरी मनात पुढचा प्रश्न येणारच होता. नाकातून जाताना सुजलेल्या कातडीला हातच लावायचा नसेल, तर मग थांबायचे कशासाठी? पूही त्याच वाटेने काढावा आणि खिडकीही त्याच वेळी ठेवून द्यावी. या शतकाच्या आरंभापासून निरनिराळ्या देशांतील शल्यवैद्यांनी तीव्र अवस्थेतच दुर्बिणीने डी. सी. आर. केल्याचे अहवाल दिले आहेत. त्यांतील रोग्यांची संख्या बहुधा लहान आहे, हे सांगितले पाहिजे. तरी त्यांचा रोख एकच आहे. दुखणे लवकर ओसरते, कातडीवर व्रण राहत नाही आणि पुन्हा गळू होण्याचे प्रमाण कमी राहते.

शस्त्रक्रिया अशी चालते. आधी शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात. जागेवरची भूल चढत नसल्याने बहुधा पूर्ण भूल देतात. नाकात रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधात भिजवलेल्या पट्ट्या काही वेळ ठेवतात. मग दुर्बीण आत घालून, मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाजवळचे अस्तर पुस्तकाच्या पानासारखे उचलतात. त्याखाली जाड हाड लागते, ते चिमट्याने किंवा यंत्राने काढतात. मागे पातळ हाड असते, ते सहज निघते. आता समोर ताणून फुगलेली पिशवी दिसते. तिला उभी चीर देताच पू उसळून बाहेर येतो आणि शोषनळीने ओढून घेतला जातो. बाहेर गालावरची सूज त्याच क्षणी मऊ पडते. पिशवीच्या दोन्ही बाजू दोन दारे उघडावीत तशा पसरून नाकाच्या अस्तराला भिडवून ठेवतात, म्हणजे कडा एकमेकींना चिकटून खिडकी बुजत नाही. वरच्या नळ्या अरुंद वाटल्या तर त्यांतून सिलिकोनची दोऱ्याएवढी नळी ओवून काही आठवडे ठेवतात. नंतर नाक मिठाच्या पाण्याने धूत राहायचे आणि खपल्या काढायला एक-दोनदा यायचे.

येथे एक अडचण उभी राहते, ती शास्त्राची नव्हे. अश्रुकोश हा डोळ्याच्या डॉक्टरचा आणि नाक हे नाकाच्या डॉक्टरचे. सरहद्दीवरच्या गावाचे जे होते तेच या पिशवीचे पुष्कळ दिवस होत आले. नेत्रवैद्याला दुर्बिणीचा सराव नाही आणि नाकाच्या वैद्याकडे असा रोगी जातच नाही. ज्या रुग्णालयांत दोघे एका टेबलाशी उभे राहतात किंवा नेत्रवैद्यच दुर्बीण शिकतो, तिथे हा प्रश्न सुटतो. आपल्या देशात अश्रुमार्गाच्या रोगांना वाहिलेले स्वतंत्र विभागही निघाले आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. मोहम्मद जावेद अली यांचे सारे काम या विषयावर आहे आणि २०१९ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. तालुक्याच्या गावी मात्र ना दुर्बीण असते ना पूर्ण भूल देण्याची सोय. तिथल्या डॉक्टरने पिकलेले गळू बाहेरून उघडले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ठणकणाऱ्या रोग्याला शहराची वाट दाखवून नुसते बसवून ठेवणे अधिक वाईट. त्याने एवढेच करावे की चिठ्ठीवर 'गळू फोडले' असे लिहून न थांबता 'वाट अजून बंद आहे' हेही रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे.

सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. सूज नुकतीच आली असेल, गळू झालेले नसेल, तर आधी गोळ्या-इंजेक्शनांनीच पाहतात. रोगी मधुमेही असेल तर रक्तातील साखर आवरण्याची तितकीच घाई असते. आसवांत रक्त येत असेल किंवा गाठ त्या स्नायुबंधाच्या वरच्या बाजूलाही पसरली असेल, तर ते नुसते लासरू नसून अर्बुद असण्याची शंका घ्यावी लागते. तेव्हा खिडकी पाडण्यापूर्वी तुकडा तपासणे अवश्य ठरते. क्षयाचा संसर्गही अश्रुकोशात क्वचित सापडतो.

तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. काही बाळांच्या नलिकेचे खालचे टोक जन्मतः एका पातळ पडद्याने झाकलेले असते आणि एक डोळा सारखा चिकटतो. अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांचा पडदा पहिल्या वर्षात आपोआप उघडतो. आईने नखे कापून, स्वच्छ बोटाने नाकाच्या मुळापासून खाली असा दाब दिवसातून काही वेळा दिला की त्याला मदत होते. ही रीत क्रिगलर यांनी १९२३ मध्ये सांगितली आणि ती आजही तशीच शिकवली जाते. वर्ष उलटूनही राहिले तर बारीक सळई घालून पडदा उघडतात. प्रौढांत हरलेली सळई इथे जिंकते, कारण इथे नळी बुजलेली नसून नुसती मिटलेली असते. मात्र त्या जागी लाल, ठणकणारी सूज आली तर दाब देणे ताबडतोब थांबवून बाळाला रुग्णालयात न्यावे.

आणि दुसऱ्या टोकाला अतिवृद्ध रोगी असतो. हृदय दुबळे, भूल सोसवणार नाही, पण मोतीबिंदू पिकला आहे आणि पिशवीत पू आहे. अशा वेळी तीव्र सूज औषधांनी उतरवून, जागेवरच्या भुलीखाली अश्रुकोश काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रिया अजूनही करतात. ती थोडक्यात आटपते आणि पुवाचा उगमच जातो. डोळा पुढेही पाझरतो, पण वयाबरोबर आसवेच कमी झालेली असल्याने अनेकांना ते फारसे जाणवत नाही. महिन्या-दीड महिन्याने मोतीबिंदू काढता येतो.